तासगावचा बेदाणा : घडापासून सौद्यापर्यंत

सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होत जातो. सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर आणि जत हे तालुके या अवर्षणाच्या पट्ट्यात येतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत इथे कडक ऊन, कोरडी हवा आणि वाहता वारा असतो. ज्या हवेने इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या बेभरवशाची केली, तीच हवा बेदाणा सुकवायला सर्वांत उपयोगी पडते. द्राक्षबागेला लागणारे पाणी विहिरी, कूपनलिका आणि कृष्णेवरील ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांतून मिळते. यांपैकी टेंभू योजनेचे पाणी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ, कृष्णेतून उचलले जाते. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बेदाण्यासाठी थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडून काढलेले वाण लावतात. तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी निवडला. सोनाका आणि माणिक चमन हे वाण सोलापूरच्या बागायतदारांनी दिले. पाण्याचा ताण आणि क्षारपड जमीन सोसावी म्हणून डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड येतो.

खायच्या द्राक्षात मण्याचा आकार आणि करकरीतपणा पाहतात, बेदाण्याच्या द्राक्षात मात्र साखर पाहतात. गोडी 20 ते 22 ब्रिक्सपर्यंत गेल्याशिवाय घड तोडत नाहीत. कमी साखरेचा मणी सुकल्यावर चपटा आणि हलका होतो, उताराही घटतो. चांगल्या मालातही सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि तो आतले पाणी सहज बाहेर जाऊ देत नाही. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी प्राचीन काळापासून राखेचे पाणी आणि ऑलिव्ह तेल यांच्या मिश्रणात घड बुडवून ही अडचण दूर करत. आजचे डिपिंग ऑइल हे त्याच उपायाचे सुधारलेले रूप आहे. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर इथाइल ओलिएट मिसळून त्यात घड दोन ते चार मिनिटे बुडवतात. त्यामुळे साल न फाटता मेणाच्या थरातून ओलावा निघण्याची वाट मोकळी होते. मणी लवकर सुकल्याने काळा पडत नाही.

बुडवलेले घड शेडमधील रॅकवर पसरतात. एकावर एक ताणलेल्या जाळ्यांचे कप्पे, वर छप्पर आणि बाजूंनी खेळता वारा अशी तिची रचना असते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील द्राक्षपट्ट्यात विकसित झाली. नागजपासून सोलापूर जिल्ह्यातील जुनोनीपर्यंतच्या उघड्या माळावर अशा शेडची दाटी आहे, कारण तिथे हवा अधिक कोरडी असते. दूरच्या बागांचा मालही तिथे येतो. साधारण दोन आठवड्यांत ओलावा 15–16 टक्क्यांवर उतरतो. सावलीत सुकल्यामुळे हिरवा रंग टिकतो, गंधकाची धुरी दिल्यास पिवळा बेदाणा होतो आणि काळ्या वाणांपासून काळा. पुढे रॅक झाडून माल खाली घेतात, काड्या व देठ काढतात, यंत्रात स्वच्छ करतात आणि आकार व रंगानुसार प्रतवारी करून 15 किलोच्या बॉक्समध्ये भरतात. निवडीचे काम बहुतांशी महिला मजूर करतात, आणि मालाचा दर्जा त्यांच्या नजरेवर ठरतो.

तासगाव आणि सांगलीच्या बाजार समित्यांत बेदाण्याचे सौदे होतात. व्यापारी बॉक्स उघडून रंग, गर, चिकटपणा आणि चव पाहतात व बोली लावतात. पाहणीत सांडणारा माल शेतकऱ्याचाच जातो. त्यामुळे सौद्यातील उधळणीविरुद्ध उत्पादकांनी वेळोवेळी आवाज उठवला आहे आणि ती तक्रार रास्त आहे.

2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकमधील विंचूरबरोबर सांगलीतील पलूस येथेही वाइन पार्क आखला गेला. तरीही या भागाच्या द्राक्षशेतीचा खरा आधार बेदाणाच राहिला, कारण वाइनला वेगळे वाण, वायनरी आणि करार लागतात, तर बेदाणा शेतकरी आपल्याच बागेतल्या मालापासून करू शकतो. तोडलेले द्राक्ष थांबत नाही, दर पडला तरी विकावेच लागते. बेदाणा मात्र शीतगृहात चार-पाच अंशांवर महिनोन्‌महिने टिकतो आणि रमजान, गणपती, दिवाळीची मागणी येईपर्यंत विक्री लांबवता येते. या सवलतीची किंमतही आहे: सुकवणीच्या दोन आठवड्यांत अवकाळी पाऊस किंवा दमट हवा आली, तर माल काळवंडतो, बुरशी धरतो आणि वर्षाच्या कष्टाचा दर कोसळतो. झाकायला ताडपत्री, हवामानाचा वेळेवर अंदाज, परवडणारे शीतगृह आणि चोख सौदे या चार गोष्टींची हमी मिळाली, तर थांबण्याची ही ताकद लहान बागायतदारालाही वापरता येते.