पुन्हा सोनोग्राफी कशाला?

‘सोनोग्राफी तर झाली, मग आता डॉपलर कशाला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. त्यामागे बिलाची धास्ती असते, तशी थोडी शंकाही असते. यंत्र तेच, अंगाला लावायची ती गार जेलीही तीच. मग नावं वेगवेगळी का?

तत्त्व साधं आहे. विहिरीत हाक मारावी आणि साद परत यावी, तसं हे यंत्र आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात पाठवतं. मऊ ऊतींमधून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो. साद किती वेळानं आली, यावरून ती किती खोलवरून आली हे कळतं. फरक आहे तो या सादेची नोंद कशी ठेवायची यात.

सारी नोकरी बँकेत गेल्यामुळं मला हे वहीखात्याच्या भाषेतच उमगतं. ‘ए-मोड’मध्ये एकाच रेषेवरच्या सादा आलेखाच्या टोकांनी दिसतात, हा एका खात्याचा उतारा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी मोजायला तो आजही वापरतात. ‘बी-मोड’मध्ये प्रत्येक सादेचा ठिपका होतो, साद जोरकस तेवढा ठिपका उजळ. अशा पुष्कळ रेषा शेजारी-शेजारी मांडल्या की अवयवाचं चित्र उभं राहतं. आपली नेहमीची सोनोग्राफी ती हीच. हा झाला ताळेबंद. ‘एम-मोड’ एकच रेषा धरून ती काळाबरोबर पुढं सरकवतो, जणू पासबुकातल्या नोंदी. हृदयाची झडप कशी उघडते-मिटते, हे त्यात दिसतं. स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रानं हृदयाच्या अशा सादा टिपल्या होत्या.

डॉपलर सांगतो ती उलाढाल: रक्त वाहतं का, कुठल्या दिशेनं, किती वेगानं. पडद्यावरचा लाल-निळा रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नव्हे. सर्वसाधारण प्रघात असा, की प्रोबकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं.

गेल्या वर्षी आमच्या सौ.ची डावी पोटरी सुजली. पोटाची सोनोग्राफी महिन्यापूर्वीच झालेली. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, पुन्हा तेच कशाला?” डॉक्टरांनी पायाच्या शिरा तपासल्या. प्रोबनं दाबलं की निरोगी शीर चेपते. एक शीर चेपेना. डॉपलर लावला, तर तिथं रंगच उमटेना. गुठळी होती. ती सुटून फुफ्फुसात गेली असती, तर जिवावर बेतलं असतं. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. आधीचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला पायाचा प्रश्न विचारलाच नव्हता.

याच यंत्राला आपल्याकडं एक भलताच प्रश्नही विचारला गेला. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ९४६ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. मशीन साद देतं. काय विचारायचं, हे माणसंच ठरवतात.

म्हणून डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली, तर वैतागण्याआधी शांतपणे विचारावं: “डॉक्टर, यातून नेमकं काय पाहायचंय?” चांगला डॉक्टर दोन वाक्यांत सांगतो.