चार सेकंदांवर असलेली पोलीस गाडी

२३ जानेवारी २०२३. अमेरिकेतील सिएटल शहरात रात्रीचे आठ वाजले होते. आंध्र प्रदेशातून उच्च शिक्षणासाठी गेलेली २३ वर्षांची विद्यार्थिनी डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू आणि थॉमस स्ट्रीटच्या चौकात झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडत होती. त्याच रस्त्याने पोलिसांची गाडी येत होती. कुणीतरी अमली पदार्थ जास्त प्रमाणात घेतल्याचा फोन आला होता, तिकडे ती निघाली होती. रस्त्याची वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर. गाडीचा वेग ११९ पर्यंत पोहोचलेला. ब्रेक दाबल्यानंतर प्रत्यक्ष धडक बसली तेव्हाही तो १०१ होता. ती मुलगी सुमारे ४२ मीटर दूर फेकली गेली आणि तिचा मृत्यू झाला.

अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिला गाडी दिसली नाही का? दिवे तर चमकत होते. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. गाडी दिसली म्हणजे तिचा वेगही कळला, हे ते गृहीतक. माणसाच्या डोळ्याला ही गोष्ट जमत नाही.

समोरून थेट आपल्याकडे येणाऱ्या वाहनाचा वेग आपण मोजत नाही, अंदाजतो. वाहन जवळ येते तसे त्याचे डोळ्यातले चित्र मोठे होत जाते आणि ते किती झपाट्याने मोठे होते यावरून मेंदू ‘आता थांब’ किंवा ‘जा’ असे ठरवतो. आता दोन गाड्या डोळ्यांसमोर आणा. दोन्ही आपल्यापर्यंत चार सेकंदांत पोहोचणार आहेत. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी या क्षणी ४४ मीटरवर आहे. ११९ ने येणारी १३२ मीटरवर. दूरची गाडी लहान दिसते, यात नवल नाही. नवल हे की तिचे चित्र मोठे होण्याचा दरही पहिल्या गाडीच्या जवळपास एक तृतीयांश असतो. म्हणजे जी गाडी जास्त वेगात आहे, तीच डोळ्याला अधिक संथ भासते. रात्री तर गाडीचा आकारही दिसत नाही. दोन हेडलाइटमधले अंतर किती वाढते, एवढाच काय तो आधार.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञांनी याच मुद्द्यावर प्रयोग केले होते. ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना नीट ओळखता येत नाही, असे त्यांना आढळले. प्रौढांची क्षमता यापेक्षा बरी, पण तिलाही मर्यादा आहेच. रस्त्यावर आपला अंदाज बरोबर येतो, कारण बहुतेक गाड्या साधारण अपेक्षित वेगाने जातात. अपेक्षेच्या तिप्पट वेगाने काही आले की वर्षानुवर्षांची ती सवयच दगा देते.

रस्त्याची रुंदी १२ मीटर धरली, तर सामान्य चालीने तो ओलांडायला दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ४० च्या वेगातली गाडी १११ मीटर येते, ११९ च्या वेगातली ३३० मीटर. पाऊल टाकताना तिसऱ्या चौकापलीकडची गाडीही हिशेबात धरावी, अशी अपेक्षा कुठल्याच पादचाऱ्याकडून करता येणार नाही.

गाडीच्या आतला हिशेबही असाच आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला असे मानू. कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगात गाडी साधारण २५ मीटरमध्ये थांबते. ११९ च्या वेगात १२५ मीटरहून अधिक लागतात, आणि त्यातले जवळपास ५० मीटर तर ब्रेक लागण्यापूर्वीच संपतात. प्रशिक्षित चालक असला म्हणून यात फारसा फरक पडत नाही. प्रशिक्षणाने हात स्थिर होतो, निर्णय सुधारतो. घर्षणाचे नियम बदलत नाहीत.

शरीरावर काय बीतते, याचे आकडे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये मांडले होते. ताशी ३७ किलोमीटरच्या धडकेत पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के, ५१ ला २५ टक्के, ६८ ला ५० टक्के आणि ९३ ला ९० टक्के. वयस्कर माणसांत ही जोखीम त्याहून अधिक. वेग तिप्पट झाला की गाडीतली ऊर्जा नऊपट होते, ती कवटी, छाती आणि ओटीपोटाच्या हाडांना झेलावी लागते. अशा वेळी रुग्णवाहिका किती लवकर आली, याला फारसा अर्थ उरत नाही.

मग सायरन कशासाठी असतो? सिएटलच्या त्या गाडीचा सायरन सलग वाजत नव्हता; चौक आला की तेवढ्यापुरता वाजवला जात होता. सलग वाजला तरी उंच इमारतींवरून आवाज उलटून येतो, आणि तो कुठल्या दिशेने येतो हे कानाला पटकन कळत नाही. आपल्याकडे तर आणखी एक अडचण. मोकळ्या रस्त्यावर, कसलीच घाई नसताना सायरन वाजवत जाणारी वाहने लोकांनी इतकी पाहिली आहेत की ‘लांडगा आला रे’ची गोष्ट आठवावी. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. आवाजाची शिस्त अजून यायची आहे.

या सगळ्या वेगातून वाचते किती? एक किलोमीटर ११९ च्या वेगाने कापायला ३० सेकंद लागतात, ८० च्या वेगाने ४५. फरक पंधरा सेकंदांचा. हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी पंधरा सेकंदही मोलाचे असतात, हे खरे. पण असे प्रसंग एकूण फोनांमध्ये थोडे. म्हणूनच अमेरिकेतील डझनाहून अधिक आपत्कालीन वैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्त निवेदन काढून दिवे-सायरन लावून धावण्याचे प्रमाण कमी करा, असे सांगितले होते. सिएटल पोलिसांच्याच तपास अधिकाऱ्याने अहवालात निष्कर्ष काढला की गाडी ताशी ८० किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगात असती, तर ही धडक झालीच नसती. ८० म्हणजेही मर्यादेच्या दुप्पटच.

हा निष्कर्ष काढता आला, कारण आकडे नोंदलेले होते आणि ते लोकांपुढे आले. पुढे जे झाले ते काही समाधानकारक नव्हते. चालक दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली आहे का, हे तपासायला गेलेला दुसरा पोलीस अधिकारी नंतर फोनवर हसत बोलताना त्याच्याच बॉडी कॅमेऱ्यात पकडला गेला. ११ हजार डॉलरचा धनादेश लिहा, तिचे मोल मर्यादितच होते, अशा आशयाचे ते बोलणे. सप्टेंबर २०२३ मध्ये ध्वनिचित्रफीत बाहेर आली, भारताच्या वकिलातीने दखल घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी गंभीर गुन्हा दाखल करण्यास नकार दिला; चालकाने जाणूनबुजून धोका पत्करला हे न्यायालयात सिद्ध करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पाच हजार डॉलर दंडाच्या निष्काळजी वाहन चालविण्याच्या कलमावर प्रकरण आले. हसणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी जुलै २०२४ मध्ये गेली, चालकाची जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे घटनेनंतर दोन वर्षांनी.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. जवळपास दर पाचवा. केंद्राच्या अहवालात धडक देणाऱ्या वाहनांची वर्गवारी दुचाकी, मोटार, ट्रक, बस अशी होते. पोलिसांची जीप मोटारींच्या रकान्यात मिसळून जाते.

कायदा मात्र मुका नाही. २०१७ ची वाहनचालन नियमावली आपत्कालीन वाहनांना वेगमर्यादा ओलांडण्याची, वेग कमी करून लाल सिग्नल पार करण्याची मुभा देते, पण पुरेशी काळजी घेऊनच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात २१०-ब हे कलम आले : हा कायदा राबविण्याचे अधिकार असलेल्यानेच तो मोडला, तर दंड दुप्पट. भरपाईची वाट बरीच जुनी आहे. १९५२ मध्ये उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीनंतर परत आणताना चालकाने पदपथावरून चालणाऱ्या एका माणसाला उडवले. सरकार जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये मान्य केले. विधवेला मिळालेली भरपाई १५ हजार रुपये, वाट पाहिली दहा वर्षे.

आज असा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. सरकारी वाहनांना विम्याची सक्ती नसल्याने समोर विमा कंपनी नसली, तरी राज्य सरकार असते. २०२२ च्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. धडक देणारी गाडी पोलिसांचीच असेल, तर तो अहवाल लिहिणारेही पोलीसच. महाराष्ट्रात ११२ क्रमांकावर धावून येणाऱ्या गाड्यांवर जीपीएस बसवलेले आहे. फोन किती वाजता आला, गाडी कधी निघाली, कुठल्या क्षणी कुठे होती, याची नोंद त्यामुळे होऊ शकते. गाडीचे लॉगबुक असते, चौकात कॅमेरे असतात. कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज कुटुंबाने किंवा वकिलाने पहिल्या आठवड्यातच द्यावा लागतो. घरात सुतक असते ते हेच दिवस.