नदीच्या तळावरील सावल्या

एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी मुळशी तालुक्यात मुळा नदीच्या काठाने फिरायला गेलात, तर तुम्ही काय पाहाल? काठावरच्या झाडीत शेकरू शोधाल, फांदीवर बसलेला खंड्या न्याहाळाल. पाण्याकडे मात्र बहुधा वरवर पाहून पुढे जाल. पण उन्हाळ्यात नदीचा ओघ मंदावला म्हणजे खडकाळ पात्रात जे संथ, नितळ डोह उरतात, त्यांच्या तळाकडे एकदा लक्ष देऊन पाहा.

एखाद्या उथळ डोहाच्या तळावर तुम्हाला नाण्यासारखे गोल, काळे ठिपके दिसतील. ठिपक्यांना उजळ कडा असते आणि ते सगळे मिळून एकदम पुढे सरकतात. पाण्यात तर अशी गोल वस्तू कोठेच नाही! मग या सावल्या कुणाच्या? आता नजर वर, पाण्याच्या पृष्ठभागावर आणा. तेथे लांब, बारीक पायांचा एक किडा घसरत चाललेला दिसेल. त्याला पुष्कळ ठिकाणी पाणनिवळी म्हणतात.

किड्याचे पाय केसासारखे बारीक असताना त्यांची सावली नाण्याएवढी कशी पडते? पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, हे तुम्ही शिकला आहात. या पृष्ठताणामुळे १ सेंटिमीटर लांबीची पाण्याची कड सुमारे ७० मिलिग्रॅम वजन पेलू शकते. पाणनिवळीचे वजन साधारण १० मिलिग्रॅम असते, म्हणून ती बुडत नाही. मात्र तिच्या प्रत्येक पायाखाली पृष्ठभागाला लहानशी खळी पडते. ही खळी अंतर्गोल भिंगासारखे काम करते. तिच्यावर पडणारे सूर्यकिरण अपवर्तनामुळे बाहेरच्या बाजूला पसरतात. तळावर मधला भाग काळा राहतो आणि पसरलेले किरण कडेला जमा होऊन उजळ कडे तयार होते. म्हणजे तळावर दिसते ती सावली पायाची नसून खळीची असते.

याचा पडताळा घरीही घेता येईल. पसरट भांड्यात पाणी घ्या आणि ते उन्हात ठेवा. टीपकागदाच्या तुकड्यावर सुई ठेवून तो कागद अलगद पाण्यावर सोडा. कागद भिजून बुडेल, सुई तरंगत राहील. तळावर सुईपेक्षा कितीतरी जाड सावली दिसेल.

आता पुढचा प्रश्न. एखादा प्राणी पाण्याइतकाच पारदर्शक असेल, तर तो दिसणार कसा? काचेची कांडी पाण्यात बुडवली तर दिसते, पण ग्लिसरीनमध्ये जवळजवळ नाहीशी होते, कारण काच आणि ग्लिसरीन यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे आहेत. जेलीफिशचे असेच आहे. तिच्या शरीरात ९५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पण जेलीफिश तर समुद्रात राहणारी, ती नदीत कशी असेल?

शतकापूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांनाही असेच वाटत होते. गोड्या पाण्यातील जेलीफिशचा एक प्रकार आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात मिळाला होता, पण तसा प्राणी भारतात असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्या काळी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शंकर पुरुषोत्तम आघारकर नावाचे तरुण अध्यापक जीवशास्त्र शिकवीत. मालवणात १८८४ साली जन्मलेले आघारकर वनस्पती व प्राणी गोळा करीत सह्याद्रीत हिंडत. कृष्णेच्या खोऱ्यातील नद्यांच्या पाण्यात त्यांना चक्क जेलीफिश सापडली! कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी तिला 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नाव दिले. १९१२ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात या शोधाची माहिती आली. हेच आघारकर पुढे, १९४६ साली, पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. तेथील संशोधनसंस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मुळशीच्या डोहात तुम्हाला जेलीफिश भेटेलच, असे नाही. पण अनपेक्षित प्राणी दिसावा अशी इच्छा असेल, तर पाहायचे कसे हे शिकून घ्यायला हवे. पाण्यावर प्रकाश सरळ वरून पडला तर त्याचा फक्त २ टक्के भाग परावर्तित होतो. तोच अभिलंबाशी ८० अंशांचा कोन करून आला, तर सुमारे ३५ टक्के परत फिरतो. म्हणूनच दूरवरच्या पाण्यात आकाशाची चकाकी दिसते आणि पायाजवळच्या पाण्यात तळ दिसतो. तेव्हा काठावरच्या पक्क्या खडकावर बसा, जवळच्या पाण्यात शक्य तितके सरळ खाली पाहा आणि तळावर नजर ठेवा. पारदर्शक शरीरातूनही किरण किंचित वाकतात. प्राणी दिसला नाही, तरी त्याची पुसट सावली दिसू शकते. सोबत शिक्षक किंवा घरातील मोठी माणसे असू द्या. पाण्यात मात्र उतरू नका, कारण डोह दिसतो त्याहून खोल असतो. ४ मीटर खोलीचे पाणी वरून ३ मीटरच भासते.

जे दिसेल ते तारीख, वेळ आणि जागेसह वहीत लिहून ठेवा. हे का करायचे? गोड्या पाण्यातील जेलीफिशच्या जीवनक्रमात एक अवस्था बुडालेल्या दगडांना चिकटून राहणारी असते. ती जेमतेम मिलिमीटरभर असते आणि तिच्यापासूनच नव्या जेलीफिश तयार होतात. सांडपाण्याचा गाळ दगडांवर बसला किंवा दगडच उपसून नेले, तर ही साखळी तेथेच तुटते. साबणाच्या पाण्याने पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो. तरंगत्या सुईजवळ साबणाचा एक थेंब टाका, ती तत्काळ बुडेल. मग नदीवर साबणाचा फेस साचला म्हणजे पाणनिवळीचे काय होत असेल?

डोहात एखादा प्राणी आहे हे कुणी पाहिलेच नसेल, तर तो नाहीसा झाल्याचेही कुणाला कळत नाही. तुमच्या वहीतील दोन ओळी यासाठी मोलाच्या आहेत. या उन्हाळ्यात आपल्या गावच्या नदीवर जा आणि तळावरच्या सावल्या मोजून पाहा.