रिकाम्या पिंपाचा धाक

आपल्या जुन्या वाड्यांतून रॉकेलच्या चौकोनी डब्याला एक मानाचे स्थान होते. चार गॅलनांचा तो डबा रिता झाला की त्याचे तोंड कापीत, वर लाकडी दांडी ठोकीत आणि तो पाण्याला लावीत. नाहीतर झाकण बसवून त्यात धान्य भरीत. या डब्याचा थोरला भाऊ म्हणजे तेलाचे लोखंडी पिंप. त्याचा संसार पाहायचा तर गोव्याच्या उत्तरेस, पेडणे आणि डिचोली या तालुक्यांकडे वळावे.

हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला, ‘नव्या काबिजादी’त मोडू लागला, आणि १९६१ च्या डिसेंबरात भारतात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. मालमोटारी खनिज नदीकाठी आणीत आणि तेथून ते बार्जींतून मांडवीवाटे मुरगावला जाई. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या. २०२४ पासून डिचोलीत काही प्रमाणात काम पुन्हा सुरू झाले. पेडण्याच्या किनाऱ्यावर केरी, हरमल, मोरजी येथील होड्यांनाही यंत्रे लागली. यंत्र आले की तेल आले, आणि जेथे पंप दूर तेथे पिंप आलेच.

हे पिंप सुमारे दोनशे लिटरांचे असते. त्याचा आजचा घाट १९०५ सालच्या एका अमेरिकन पेटंटापासून चालत आला आहे. माथ्यावर दोन बुचे: एक दोन इंची, दुसरे पाऊण इंची. मोठ्यातून तेल बाहेर येते, लहानातून वारा आत जातो. लहान बूच बंद ठेवले, तर तेल गचके देत सांडते. बुचाच्या खोबणीत बसणारी खास चावी कारखाने करतात. पण ती नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. मग माणूस घरची चावी बनवितो. जाड लोखंडी पट्टीचा तुकडा कानशीने घासून खोबणीच्या मापाचा करायचा आणि दांड्याला आडवा जोडायचा, की काम झाले. ज्याच्यापाशी तेवढेही नाही, तो छिन्नी बुचाच्या काठाला तिरपी लावून हातोडीने ठोकतो. बूच फिरते खरे; पण लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी उडते, आणि पेट्रोलच्या पिंपापाशी ठिणगी म्हणजे मरणाला आमंत्रण!

म्हणून जाणते लोक पिंप आधी सावलीत आणतात, लहान बूच हळूच सैल करतात आणि आतली कोंडलेली वाफ फुसफुसत निघून जाईतो थांबतात. पितळेच्या हत्याराची ठिणगी सहसा उडत नाही. ज्या डिचोलीचे नाव पितळी समयांसाठी घेतात, तेथे ही गोष्ट वेगळी सांगायला नको!

तथापि खरा धोका भरलेल्या पिंपाचा नव्हे, रिकाम्याचा आहे. भरल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी चार थेंब उरतात, त्यांची वाफ होते आणि ती हवेत मिसळते. शंभर भाग हवेत पेट्रोलच्या वाफेचे दीड ते सात भाग असले, तरी तेवढ्याने स्फोट होतो. ही वाफ हवेहून जड असल्याने उघड्या तोंडाने सगळी निघूनही जात नाही. ‘हे तर डिझेलचे’ असे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे. थंड डिझेल सहजी पेटत नाही, पण गॅसच्या ज्योतीने पत्रा तापला की त्याचीही वाफ होते.

आणि पिंप कापण्याचा मोह तर घरोघरी! उभे कापले की गुरांना पाण्याचे दोन हौद होतात, आडवे कापले की चूल होते. डांबराच्या पिंपाचे पत्रे सरळ करून कोकणात कितीतरी न्हाण्यांचे आडोसे उभे राहिले. ही काटकसर आहे आणि ती वंद्यच आहे. मात्र त्यासाठी छिन्नीइतकेच महत्त्वाचे हत्यार म्हणजे पाणी. पिंप सोड्याच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे. मग मोठे बूच उघडे ठेवून कापायच्या रेघेजवळपर्यंत त्यात पाणी भरावे, म्हणजे वाफेला फारशी जागाच उरत नाही. ज्योत न लावता हातानेच कापावे. ज्या पिंपात काय होते हे ठाऊक नाही, त्याला हात न लावणेच बरे.

घरच्या चावीचे कौतुक जरूर करावे. अडल्या वेळी पट्टीच्या तुकड्यातून हत्यार घडविणारा हात आपल्या गावोगावच्या कारागिरीचा वारस आहे. पण त्या हाताला वाट पाहण्याची सवयही हवी. लहान बुचातून वाफ जायला लागतो तेवढाच वेळ. बहुतेक अपघात तेवढाच वेळ वाचविण्यापायी होतात.