क्वांटम तारा : बारावीचं सूत्र जिथे थांबतं

तारेची लांबी दुप्पट केली तर रोध किती? लातूर पॅटर्नमधला कुणीही मुलगा झोपेतही सांगेल, दुप्पट. मार्कही मिळतील. पण तारेची रुंदी काही डझन नॅनोमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीएवढी झाली की हे उत्तर चुकू शकतं.

गैरसमज : क्वांटम तार म्हणजे फार बारीक ओढलेली साधी तार.
साध्या तारेत इलेक्ट्रॉन ठेचकाळत जातो. अतिथंड, शुद्ध गॅलियम आर्सेनाइडमध्ये मात्र तो मायक्रोमीटरभर अंतर न धडकता पार करतो, म्हणून तेवढ्यात लांबीचा प्रश्नच उरत नाही. तार रुंदावत नेली की वाहकता पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, दर पायरीला इलेक्ट्रॉनसाठी एक नवी मार्गिका उघडते. डेल्फ्ट आणि केंब्रिज इथल्या गटांनी १९८८ मध्ये या पायऱ्या स्वतंत्रपणे दाखवल्या.

गैरसमज : धडकच नाही, तर रोध शून्य.
एका मार्गिकेमागे सुमारे १२,९०६ ओहम उरतातच. रुंद जोडातून अरुंद तारेत शिरण्याची ही किंमत. अतिवाहकाशी गल्लत नको.

गैरसमज : शेजारच्या दोन तारा चिकटलेल्या नाहीत, म्हणजे एकमेकींशी संबंध नाही.
खरी गंमत इथेच. मधला अडथळा काही नॅनोमीटरचाच असेल, तर इलेक्ट्रॉनचा तरंग पलीकडे झिरपतो. दोन्ही तारांतल्या सारख्या ऊर्जापातळ्या फुटून दोन नव्या पातळ्या होतात, त्याही दोन्ही तारांवर पसरलेल्या. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जात-येत पुढे सरकतो. अडथळा वाढवून ही ये-जा बंद केली तरी संबंध तुटत नाही. एका तारेत धारा सोडली, की केवळ विद्युत प्रतिकर्षणामुळे शेजारच्या तारेत विभवांतर उमटतं. हा कूलोम्ब ड्रॅग. शेजारचे इलेक्ट्रॉन पहिल्या तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्याच दिशेने ओढले जातील, असं कुणालाही वाटेल. पण २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १५ नॅनोमीटर अंतरावरच्या तारांत उलट्या दिशेचा ड्रॅगही मोजला. त्याच्या उलगड्यासाठी संवेगाची देवाणघेवाण पुरली नाही, प्रभारातले चढउतारही धरावे लागले.

गैरसमज : नांदेड-लातुरात बसून हे होणार नाही.
अर्धं खरं. मोजमापाला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारखी प्रयोगशाळाच हवी. गणिताचं तसं नाही. अशा तारांची वाहकता काढणारं ‘क्वांट’ हे पायथनमधलं मोफत पॅकेज साध्या लॅपटॉपवर चालतं. (ड्रॅग त्यात सहज बसत नाही, तिथे इलेक्ट्रॉनांची आपसातली ढकलाढकल धरावी लागते.) नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र. एमएस्सीच्या मुलामुलींनी प्रकल्पाला दोन समांतर तारा घ्याव्यात आणि मधल्या अडथळ्याची जाडी बदलत वाहकतेचा आलेख काढून पाहावा.