‘टू’ : संवादाविना लघुपटातील कॅमेरा, संकलन आणि ध्वनी

सत्यजित राय यांच्या ‘टू’ (१९६४) या कृष्णधवल लघुपटात एकही संवाद नाही. त्यामुळे चित्रपटभाषेच्या अध्यापनास तो विशेष उपयुक्त ठरतो. श्रीमंत मुलगा वरच्या खिडकीत, गरीब मुलगा खाली मोकळ्या जागेत. कॅमेरा खिडकीतून खाली व खालून वर पाहतो. या कोनांतूनच वर्गभेद दृश्यमान होतो. संकलन दोघांची दृश्ये आलटूनपालटून जोडते. बासरीला खेळण्यातील बिगुलाचे प्रत्युत्तर मिळते. अखेर छऱ्याच्या बंदुकीने पतंग पाडला जातो व ही चढाओढ संपते. मात्र खोलीतील यांत्रिक खेळण्यांच्या गोंगाटात बाहेरची बासरी पुन्हा ऐकू येते. कॅमेऱ्याने आखलेली सीमा ध्वनी ओलांडतो. सारांश, तंत्रांची केवळ यादी न देता त्यांच्यातील हा विरोध विद्यार्थ्यांपुढे मांडल्यास आशय उलगडतो.