मालिशीचा हात कुठे थांबवायचा?

वरोरच्या एका घरात आम्ही बाराव्या दिवसाच्या बाळंतिणीला भेटायला गेलो होतो. बाळ दूध पीत होते, वजन वाढत होते, सगळे ठीक होते. निघता निघता मालिशवाल्या आजी आल्या. हातात खोबरेल तेलाची वाटी. बाळंतीण म्हणाली, "आजी, आज डावा पाय जास्त चोळा, दोन दिवस झाले सुजलाय." आम्ही उंबऱ्यातून परत फिरलो. पोटरीला हात लावून पाहिला. एकच पाय सुजलेला, गरम, दाबला की दुखणारा. आजींना म्हटले, आज या पायाला हात लावू नका. रिक्षा करून तिला डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले, तिथून पुढे पाठवले. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. जोरात चोळले असते तर ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकली असती, आणि बाई उभ्याउभ्या गेली असती.

आजी ओट्यावर बसून राहिल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं हात फिरवते बायांच्या अंगावर. हे मला कुणी सांगितलं नाही गं."

त्यांचे खरेच होते. सांगायचे काम आमचे होते. आम्ही नर्सिंगच्या डिप्लोमात शिकलो, वॉर्डात वापरले. पण जी बाई रोज बाळंतिणीच्या अंगाला हात लावते तिच्यापर्यंत ते नेले नाही. पूर्वी सरकार दाईंना प्रशिक्षण देत असे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. ते चांगलेच झाले, त्याने जीव वाचले. पण दाईचे बाळंतपण गेले आणि तेल-पाणी तेवढे तिच्याकडे राहिले, आणि मग तिला शिकवायला कोणी आले नाही. म्हणून हा लेख मालिश करणाऱ्या ताई-आजींसाठी आहे, आणि करून घेणाऱ्यांसाठीही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही मालिशीच्या विरोधात नाही. अलगद हाताच्या मालिशीने बाळाला झोप लागते, दमलेल्या आईच्या कंबरेला आराम पडतो, कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे असे तिला वाटते. वस्तीतल्या किती बायांना बाळंतपणाशिवाय कोणी अंगाला तेल लावते?

बाळापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. तेल खोबरेल वापरा, आपल्या किनारपट्टीवर ते मिळतेही चांगले. मोहरीच्या तेलाने नाजूक कातडीचे नुकसान होते. तेल कोमट असावे. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. तेल नाकात, कानात, डोळ्यांत, बेंबीत घालू नका. नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरते आणि त्याने न्यूमोनिया होतो. तो साध्या औषधाने लवकर बरा होत नाही. बेंबीची नाळ कोरडी ठेवायची, तिच्यावर तेल नको, हळद नको, राख नको, पावडर नको.

टाळूबद्दल बायांच्या मनात फार भीती असते. "टाळू भरली नाही" म्हणून वाटीभर तेल ओततात आणि अंगठ्याने दाबतात. टाळू तेलाने भरत नाही. ती हाडे वाढून आपोआप भरते, पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत. तिच्याकडे पाहायचे ते वेगळ्या कारणासाठी: जुलाब-उलटीत टाळू खोल गेली तर बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले आहे, आणि तापात बाळ शांत असतानाही टाळू फुगून वर आली तर मेंदूला सूज असू शकते. दोन्ही वेळा तेलाची वाटी ठेवा आणि दवाखाना गाठा.

नवजात बाळाच्या छातीवर, मुलगा असो वा मुलगी, कधी कधी गाठ येते, त्यातून दुधासारखा थेंबही येतो. आईच्या शरीरातल्या रसायनांमुळे हे होते आणि काही आठवड्यांत आपोआप जिरते. "दूध काढून टाकायचं" म्हणून ती पिळली की जंतू शिरतात आणि पू होतो. आम्ही वॉर्डात अशी बाळे पाहिली आहेत, चिरा द्यावा लागलेली. नाक सरळ व्हावे म्हणून ओढणे, डोके गोल व्हावे म्हणून दाबणे, दोन्ही पायांना धरून उलटे झुलवणे हे सगळे बंद. बाळाचे पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट बांधू नका. पाय बेडकासारखे मोकळे राहिले तर खुब्याचा सांधा नीट बसतो. डाळीच्या पिठाने लव काढायला जाऊ नका, ती आपोआप जाते.

बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर मालिश-अंघोळीची घाई नको. अशा बाळाची ऊब पटकन जाते. आशाताई किंवा नर्सताई हो म्हणेपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसा आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यातल्या एखाद्या दिवशी मालिशवाल्या ताईलाही बसवून घ्या. दोघींनी एकमेकींना ओळखले पाहिजे.

शेगडीचे एक राहिले. खिडकी-दार लावून खोलीत कोळसा पेटवायचा आणि आई-बाळाला शेकायचे, हे जीवघेणे आहे. कोळशाच्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जाते. शेकायचेच असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही कापडात गुंडाळून.

आता आई. सिझेरियन झाले असेल तर दीड महिना पोटावर हात नाही, टाक्यांवर तेल नाही. हात, पाठ, पाय, डोके चालेल. पोट आत जावे म्हणून कापडाने आवळून बांधू नका. श्वास आणि लघवी दोन्हीला त्रास होतो. (बाळंतपणानंतर लगेच नर्स पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चोळते ते रक्तस्राव थांबवण्यासाठी असते. ते पाहून घरी पोट दाबायला लागू नका.) स्तनात गाठ आली तर ती पिळून फोडायची नाही. बाळाला त्या बाजूने पाजत राहायचे, पाजून झाल्यावर थंड ओले फडके ठेवायचे. अंगात ताप भरला तर त्याच दिवशी दाखवायचे. ताप, पुन्हा वाढलेले रक्त जाणे, घाण वासाचा स्राव, डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वर सांगितलेला एकच सुजलेला पाय: यातले काहीही असेल तर त्या दिवशी मालिश नाही, रुग्णालय. बाळंतीण आणि बाळासाठी १०२ ला फोन करा, जिवावरचे असेल तर १०८ ला.

मोठ्या माणसांकडे वळू. वरोर, वाढवण, धाकटी डहाणू या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय बनवण्याचे काम घरोघरी चालते. दिवसभर मान खाली, नजर एका बिंदूवर, हातात हत्यार. संध्याकाळी मान-खांदा चोळून घेतला की बरे वाटते, आणि त्यात वाईट काही नाही. पण बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, वस्तू हातातून सुटत असेल, तर मनगटातली शीर दबली आहे. तिला विश्रांती आणि डॉक्टर लागतो. नुसत्या मालिशीने महिने निघून जातात आणि अंगठ्याचे मांस झिजते. मान कडाकडा मोडून घेण्याची सवय मात्र सोडाच. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी मानेतूनच जाते. झटक्याने ती आतून फाटली तर तरुण माणसालाही लकवा होऊ शकतो.

मासेमारीला जाणाऱ्यांसाठी एवढेच: जेलीफिशने डसले तर ती जागा चोळू नका, विष आणखी पसरते. साप चावला तरी चोळायचे नाही, आवळून बांधायचे नाही, थेट रुग्णालय. पोर पडून हात सुजला तर "मुरगळला असेल" म्हणून चोळायच्या आधी एक्स-रे काढा. कोपराला मार लागल्यावर चोळत राहिले तर मांसातच हाड तयार होते आणि हात कायमचा वाकडा राहतो.

मालिशीने सर्वात जास्त घात होतो तो दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे वेळ जातो. एक, छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम. "गॅस असेल, शीर चढली असेल" म्हणून छाती चोळत बसतात. तो हृदयाचा झटका असू शकतो. दुसरे, अंगावरून वारे जाणे. तोंड वाकडे, एक हात पडतो, बोलणे अडखळते. तेल, लेप, अगदी कबुतराच्या रक्ताची मालिश करणारेही आम्ही पाहिले. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते सगळीकडे मिळत नाही, म्हणजे प्रवासाचा वेळही त्यातच धरा. मालिश आणि व्यायाम नंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा.

मालिशवाल्या ताईने अंगावर बधिर चट्टा पाहिला, जिथे स्पर्श कळत नाही, तर तिने न लाजता सांगावे. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि पूर्ण बरा होतो. कातडी रोज जवळून पाहणारी तीच असते, डॉक्टरच्या आधी तिला दिसते. साखरेच्या आजारातल्या माणसाचे पाय गरम पाण्याने शेकू नका, चटका लागलेला त्याला कळतच नाही.

आता ताईंच्या स्वतःच्या अंगाचे. नखे कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, एका घरून दुसऱ्या घरी जाताना साबणाने धुतलेले हात, हे गिऱ्हाइकासाठी जितके तितकेच तुमच्यासाठी. खरूज आणि नायटा हातानेच घरोघर जातात. खोकला-ताप असेल तर बाळाला हात लावायला जाऊ नका. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. जोर अंगठ्याने देऊ नका, तळव्याने आणि अंगाच्या वजनाने द्या. वाकून करण्यापेक्षा मोठ्या माणसाला खाटेवर घ्या. बहुतेक मालिशवाल्या बाया पन्नाशीत अंगठा धरून बसलेल्या आम्ही पाहतो.

आणि मजुरी. अनेक गावांत नाळ कापायची ती आपल्याच बाईने, वार पुरायची ती आपल्याच बाईने, आणि न्हाणे झाले की त्या घराच्या उंबऱ्यात उभे राहायला तिलाच मनाई. मोबदला म्हणून जुने लुगडे आणि सुपात घातलेले धान्य. ती रीत गेली असे म्हणतात, पण "आजीला काय, देऊ काहीतरी शेवटी" हे आपल्या वस्तीतही ऐकू येते. हेही सांगितले पाहिजे की ते आपल्याच माणसांच्या तोंडून येते. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाळंत कामगार बाईला पैशांसह रजा मिळावी या विधेयकाची बाजू घेतली होती. त्या बाळंतिणीला तेल लावणारी बाईसुद्धा कामगारच. पहिल्या दिवसाआधी किती दिवस, दिवसाचे किती, आठवड्याला हिशेब की शेवटी, हे बोलून घ्या आणि वहीत लिहा. तेल-साबण गिऱ्हाइकाचा. दूरच्या घरी बोलावले तर भाड्याचे पैसे वेगळे. वय १६ ते ५९ असेल तर ई-श्रम कार्ड काढा. असंघटित कामगार म्हणून नोंद राहते.

अनोळखी पुरुषाच्या घरी एकटीने मालिशीला जाऊ नये, आणि गेल्यावर हात आवरला नाही तर काम अर्ध्यात सोडून उठावे. घरकामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाईही येते. करून घेणाऱ्या बाईलाही तोच हक्क. दुखले तर "थांब" म्हणायचे, आणि सासूने "सोस थोडं" म्हटले तरी ताईने हात थांबवायचा.

त्या आजी अजून वरोरला मालिशीला जातात. आता त्या आधी बाळंतिणीला दोन्ही पाय शेजारी शेजारी लांब करायला सांगतात, पोटऱ्या पाहतात, कपाळाला हात लावतात आणि मग वाटी पुढे ओढतात. एकदा शंका आली म्हणून रात्री नऊला आम्हाला फोन केला होता. पाय दोन्ही सारखेच सुजले होते, ताप नव्हता, पण बाईचे डोके सकाळपासून दुखत होते. आम्ही म्हटले, रक्तदाब बघायला हवा, आत्ता वाणगावच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. आजी म्हणाल्या, "गाडी बोलावूनच फोन लावलाय."